कॉलेजचा सामना, पण कॉलेजच गैरहजर!

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल हा नुसता खेळ नाही, तो एक सण आहे. तोंडाला रंग फासून, घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरं-पोरी हा त्या सणाचा प्राण. आता मात्र कित्येक नामांकित विद्यापीठांत विद्यार्थ्यांचीच बाकं रिकामी दिसू लागली आहेत. पैसा आहे, टीव्ही आहे, चकाचक स्टेडियम आहे. मग पोरं गेली कुठे?

पुण्यात ‘पुरुषोत्तम करंडक’ एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात एकदा तरी डोकावलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पडदा वर जायच्या आधीच ‘अरे, आवाज कुणाचा?’ ही आरोळी उठते आणि छप्पर हादरतं. रंगमंचावर उभा राहणारा आपल्याच वर्गातला असतो, आपल्याच कँटीनमध्ये उधारीवर चहा पिणारा असतो. म्हणून तर हा जोर! आता नाटकाच्या जागी बास्केटबॉल ठेवा, शे-पाचशेच्या जागी दहा-पंधरा हजार माणसं ठेवा आणि जोडीला बँड, ढोल, रंग, टोप्या, मुखवटे द्या. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची थोडीफार कल्पना येईल.

या सगळ्या जल्लोषाचं इंजिन म्हणजे विद्यार्थ्यांची गॅलरी. इतर प्रेक्षक बसून सामना बघतात, विद्यार्थी पूर्णवेळ उभे राहून बघतात. इतर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, विद्यार्थी पाहुण्या संघाला दोन तास भंडावून सोडतात. घरच्या मैदानावर यजमान संघ जास्त जिंकतो, त्यामागे या गोंगाटाचाही हात असतो, असं खेळाडू आणि प्रशिक्षक सगळेच मानतात. हेच इंजिन आता धापा टाकू लागलं आहे.

पीचच्या टोपलीपासून सुरुवात

गंमत म्हणजे हा खेळ जन्मालाच आला तो विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत कंटाळलेली दांडगी पोरं. त्यांना गुंतवून ठेवण्यासाठी नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या कठड्याला दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहून काढले. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता. आजही बास्केटची उंची तीच, १० फूट!

पुढे १८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. आणखी एक गंमत अशी की, बास्केटबॉलमध्ये दादा समजल्या जाणाऱ्या कॅन्ससच्या आजवरच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले एकटे नेस्मिथच! त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. हार-जीत त्यांना फारशी महत्त्वाची वाटत नसे. पोरांनी खेळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

याच वायएमसीएने हा खेळ भारतातही रुजवला. मद्रासला १९२० मध्ये स्थापन झालेल्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी तर या खेळावर पिढ्यान् पिढ्या जीव टाकला. पण भारतात बास्केटबॉल मोहल्ल्याचा आणि शाळा-कॉलेजच्या मैदानाचा राहिला. अमेरिकेत मात्र तो कॉलेजचा हात धरून अब्जावधी डॉलरचा धंदा झाला.

तंबू ठोकून तिकिटासाठी मुक्काम

हे वेड किती, याचा सर्वांत गाजलेला नमुना नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात बघायला मिळतो. तिथलं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० सालचं. जागा जेमतेम ९,३१४. त्यातल्या मैदानालगतच्या बाराएकशे जागा विद्यार्थ्यांच्या. प्रवेश फुकट, पण जो आधी येईल त्याला. सोळा-सतरा किलोमीटरवरच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाशी ड्यूकचं पिढीजात वैर. त्या एका सामन्यासाठी विद्यार्थी स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. ही प्रथा १९८६ पासूनची. प्रशिक्षक माइक शेशेव्स्की यांच्या नावावरून त्या तंबूनगरीला ‘शेशेव्स्कीव्हिल’ असं नाव पडलं. एका तंबूत जास्तीत जास्त १२ जण. जानेवारीच्या गारठ्यात आठवडेच्या आठवडे मुक्काम आणि अवेळी हजेरी. हजेरीला तंबूतली ठरलेली संख्या भरली नाही, तर तंबूचा नंबर जातो.

कॅन्ससमध्ये तंबू नसले तरी पद्धत तशीच कडक आहे. विद्यार्थी गट करून रांग धरतात आणि गटातल्या कुणी ना कुणी हजेरीला थांबावंच लागतं. तिथल्या ॲलन फील्डहाउसमध्ये २०२४ पर्यंत १६,३०० माणसं मावत. १९५५ मध्ये उघडलेली ही इमारत गोंगाटासाठी देशभर प्रसिद्ध आहे.

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या पोरांनी २०१३ मध्ये वेगळीच शक्कल लढवली. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की, बास्केटच्या मागे एक काळा पडदा धरायचा. ऐन वेळी पडदा सरकतो आणि आतून काहीतरी अचाट प्रकार बाहेर पडतो. २८ जानेवारी २०१६ रोजी ओरेगन स्टेटविरुद्धच्या सामन्यात पडद्याआडून निघाला साक्षात ऑलिम्पिक जलतरणपटू मायकेल फेल्प्स, अंगावर फक्त पोहण्याची चड्डी आणि गळ्यात पदकं! समोरच्या खेळाडूचे दोन्ही नेम चुकले, यात नवल ते काय?

आकडे काय बोलतात?

मग बिघडलं कुठे? अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची सर्वोच्च संस्था एनसीएए. तिच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं आहेत. या श्रेणीतल्या पुरुषांच्या सामन्यांना पूर्वी सरासरी ५,००० हून अधिक प्रेक्षक असत. २०१० नंतरच्या दशकात ही सरासरी ५,००० च्या खाली उतरली. श्रेणीत लहान विद्यापीठांची भर पडली, हे त्याचं एक कारण. पण तेवढंच कारण असतं, तर मोठ्या विद्यापीठांना घोर लागला नसता.

त्यातही जाहीर होणारा आकडा आणि प्रत्यक्षातली डोकी यांत फरक असतो. जाहीर होतात ती बहुधा विकलेली किंवा वाटलेली तिकिटं. दारात किती तिकिटं तपासली गेली, हा हिशेब वेगळा. २०१७ च्या हंगामातल्या कॉलेज फुटबॉलबद्दल ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने असा हिशेब मांडला, तेव्हा जाहीर संख्येच्या साधारण ७१ टक्केच तिकिटं दारात तपासली गेल्याचं दिसलं. सीझन तिकिटं संपलेली असतात, पण माणसं सोफ्यावर असतात!

विद्यार्थ्यांच्या जागांचं तर आणखी अवघड. त्या फुकट किंवा अगदी स्वस्त असतात. न गेल्याने खिशाला चाट बसत नाही. म्हणून कडव्या प्रतिस्पर्ध्याशी सामना असला की झुंबड आणि एरवी शुकशुकाट, असं चित्र गावोगाव दिसतं. ड्यूकसारख्या पंढरीतही साध्या सामन्यांना विद्यार्थ्यांची बाकं भरत नाहीत, अशी कुरबुर ऐकू आली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएचं उदाहरण बोलकं आहे. १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत प्रशिक्षक जॉन वुडन यांनी या विद्यापीठाला १० राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. त्यांचं पॉली पॅव्हेलियन २०१२ मध्ये नवं रूप घेऊन उभं राहिलं, पण साध्यासुध्या सामन्यांना तिथल्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवरही लपत नाहीत.

रात्री नऊला सामना, सकाळी आठला लेक्चर

पहिला संशयित अर्थातच टीव्ही. ७ सप्टेंबर १९७९ रोजी ईएसपीएन ही चोवीस तास खेळ दाखवणारी वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला अंतिम सामन्यात हरवलं होतं आणि सगळा देश टीव्हीला चिकटून बसला होता. कॉलेज बास्केटबॉल विकता येतं, हे वाहिन्यांना उमगलं. २०१० मध्ये सीबीएस आणि टर्नर या कंपन्यांनी मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी १४ वर्षांचे १,०८० कोटी डॉलर मोजले. २०१६ मध्ये हा करार आणखी ८८० कोटी डॉलर देऊन २०३२ पर्यंत वाढवला गेला.

ज्याचा पैसा, त्याचं घड्याळ! सामना कधी सुरू व्हायचा हे वाहिनी ठरवते. पूर्व किनाऱ्यावर मंगळवारी किंवा बुधवारी रात्री ९ ला सामना म्हणजे संपायला सव्वाअकरा. बाहेर बर्फ, दुसऱ्या दिवशी सकाळी तास, त्यातून बरेचसे विद्यार्थी फीचा भार उचलायला कुठे ना कुठे काम करणारे. खोलीत बसून तोच सामना मोबाइलवर दिसत असताना अर्धा तास पायपीट करून, पिशव्या तपासून घेत आत जायचं कशाला, असं त्यांना वाटलं तर दोष कुणाला द्यायचा?

हंगामाचं वेळापत्रकही विद्यार्थ्यांच्या मुळावर येतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगाम उघडतो. पहिले काही आठवडे बडे संघ छोट्या विद्यापीठांना रोख रक्कम देऊन आपल्या घरी बोलावतात आणि यथेच्छ धुऊन काढतात. छोट्यांना पैसा मिळतो, मोठ्यांना विजय मिळतो आणि विद्यार्थ्यांना मिळतो कंटाळा! मग डिसेंबरात परीक्षा, त्यानंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत सुट्टी आणि वसतिगृहं ओस. खरी चुरस सुरू होईपर्यंत सामन्याला जायची सवयच मोडलेली असते. त्यात मार्चमधली ६८ संघांची बाद फेरी एवढी मोठी झाली आहे की, आधीच्या चार महिन्यांना जणू किंमतच उरली नाही.

नाव पाठ होईपर्यंत पाहुणा पसार

दुसरं कारण अधिक खोलवरचं आहे. पूर्वी खेळाडू चार वर्षं राहायचा. ड्यूकचा ख्रिश्चन लेटनर १९८८ ते १९९२ अशी चार वर्षं खेळला. टिम डंकनसारखा पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडूही वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षं राहून १९९७ मध्ये बाहेर पडला. पहिल्या वर्षाला अडखळणारा पोरगा चौथ्या वर्षाला कप्तान होताना त्याच्याबरोबरची अख्खी तुकडी बघायची. त्याच्या यशात आपलंही काही आहे, असं वाटायचं.

२००५ मध्ये व्यावसायिक एनबीए लीगने नियम केला की, खेळाडू १९ वर्षांचा असावा आणि शाळा सुटून त्याला एक वर्ष झालेलं असावं. २००६ च्या निवडीपासून तो लागू झाला. परिणाम? गुणी पोरं कॉलेजात येऊ लागली ती एका वर्षाच्या धर्मशाळेसारखी. ड्यूकमध्ये २०१८-१९ चा हंगाम गाजवणारा झायन विल्यमसन असो की २०२४-२५ चा कूपर फ्लॅग, दोघंही एक वर्ष खेळून एनबीएच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यांचं काही चुकलं नाही. पण पुढच्या ऑक्टोबरात विद्यार्थी परत येतात, तेव्हा समोर पुन्हा नवे चेहरे!

त्यात भर पडली बदल्यांची. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. कॉलेज सोडू इच्छिणाऱ्या खेळाडूने त्यात नाव टाकायचं, बाकीच्यांनी बोली लावायची. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये तर कितीही वेळा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा होती सगळ्या खेळांना मिळून विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. ज्यांच्या घामावर वाहिन्या आणि विद्यापीठं गब्बर झाली, त्या पोरांना वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीपलीकडे छदाम मिळत नव्हता. पण प्रत्येक औषधाला उतारा असतोच असं नाही. जो खेळाडू काल दुसऱ्या गावी होता आणि उद्या तिसऱ्या गावी जाणार, त्याला ‘आपला’ म्हणायला विद्यार्थ्यांची जीभ रेटत नाही. वर्गमित्रासाठी घसा फोडणं वेगळं आणि भाडेकरूसाठी फोडणं वेगळं.

शेजाऱ्याशी भांडणच उरलं नाही

वैर हे खेळाचं मीठ असतं. पैशाच्या ओढीने विद्यापीठांनी तेही सांडलं. कॅन्सस आणि मिझुरी ही शेजारशेजारची राज्यं. १८५० च्या दशकात गुलामगिरीच्या प्रश्नावरून त्यांच्या सरहद्दीवर रक्त सांडलं होतं. त्या इतिहासाची ठसठस दोन्ही विद्यापीठांच्या सामन्यांत शंभर वर्षं उतरत राहिली. २०१२ मध्ये मिझुरीने गट बदलला आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधली ही लढत बंदच पडली. ती पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. म्हणजे मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या ते वैर न बघताच पदवी घेऊन गेल्या.

२०२४ मध्ये तर कहर झाला. टीव्हीच्या करारांपायी प्रशांत महासागराच्या काठावरची यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठं ‘बिग टेन’ या मध्य-पश्चिमेतल्या गटात सामील झाली. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातली दोन विद्यापीठं ज्या गटात गेली, त्याचं नाव आहे ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’! कोल्हापूरच्या संघाने आसाम लीगमध्ये खेळावं तसा हा प्रकार. पूर्वी विद्यार्थी गाड्या भरून शेजारच्या गावी जायचे, तिथे ओरडायचे आणि परतीच्या वाटेवर रात्रभर भांडायचे. तीन हजार किलोमीटरवरच्या प्रतिस्पर्ध्याशी असं भांडण जमत नाही.

मोक्याच्या खुर्च्या कुणाच्या?

तिसरी गोष्ट जागेची. नवं स्टेडियम बांधायचं म्हणजे देणगीदार हवेत आणि देणगीदाराला मैदानालगतची मऊ खुर्ची हवी. मग विद्यार्थी सरकतात बास्केटच्या मागे किंवा थेट वरच्या मजल्यावर. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं डीन स्मिथ सेंटर १९८६ मध्ये उघडलं. एकवीस हजारांहून अधिक माणसांची ही भव्य वास्तू देणग्यांवर उभी राहिली आणि खालच्या चांगल्या जागा देणगीदारांकडे गेल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडा स्टेटचा खेळाडू सॅम कॅसेल तिथे जिंकून गेला. जाता जाता तो इथल्या प्रेक्षकांना ‘चीज आणि वाइन’वाले म्हणाला. म्हणजे मेजवानीला आल्यासारखे शांत बसणारे! तो टोमणा तीस वर्षं झाली तरी पुसला गेलेला नाही. पुढे विद्यार्थ्यांना बास्केटच्या मागे मैदानाजवळ उभं राहायला जागा काढून द्यावी लागली.

यातली खरी मेख पुढे आहे. आज जो देणगीदार पुढच्या रांगेत बसतो, तो तीस वर्षांपूर्वी याच विद्यापीठात घसा फोडणारा विद्यार्थी होता. त्या रात्रींची आठवण म्हणून तो चेक फाडतो. आज ज्या पोराला वरच्या मजल्यावर ढकललं आणि जो मग यायचाच बंद झाला, तो पन्नाशीत चेक कशाच्या आठवणीवर फाडणार? विद्यापीठांना खरी धास्ती आहे ती याची. बियाणंच खाऊन टाकल्यावर पेरायचं काय, असा हा प्रश्न.

खोलीचं दार बंद

पण सगळं खापर पैशावर फोडूनही चालणार नाही. मुलांचं जगणंच बदललं आहे. भारतीय वंशाचे डॉ. विवेक मूर्ती अमेरिकेचे सर्जन जनरल असताना २०२३ मध्ये त्यांनी एकटेपणावर एक इशारावजा अहवाल काढला. त्यातला एक आकडा काळजाला घर पाडतो. १५ ते २४ वयाची मुलं २००३ मध्ये मित्रमैत्रिणींबरोबर समोरासमोर रोज साधारण १५० मिनिटं घालवत होती. २०२० मध्ये हा वेळ उरला ४० मिनिटांवर. २०२० हे महामारीचं वर्ष होतं हे खरं, पण घसरण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

महामारीने तर परंपरेची साखळीच तोडली. मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. पुढचा हंगाम बहुतेक ठिकाणी रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या स्टेडियममध्ये पार पडला. गॅलरीतल्या आरोळ्या कुठे छापलेल्या नसतात. कधी उभं राहायचं, कधी हात हलवायचे, कोणत्या क्षणी एकदम गप्प व्हायचं, हे नव्या मुलाला शेजारी उभी असलेली तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ताई किंवा दादा शिकवतो. वारीत अभंग जसा शेजारच्याच्या तोंडून ऐकत पाठ होतो, तसंच हे. मधली दीड-दोन वर्षं शिकवणाराच भेटला नाही.

मुलींनी उत्तर दिलं

मग हा खेळच जुना झाला म्हणायचा का? तसं म्हणणाऱ्यांना आयोवा विद्यापीठाच्या मुलींनी चोख उत्तर दिलं. केटलिन क्लार्क ही त्याच राज्यातली मुलगी २०२० मध्ये आयोवाच्या संघात आली आणि चारही वर्षं तिथेच राहिली. तिचा जम बसत गेला तशी गर्दी वाढत गेली. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या फुटबॉल स्टेडियमवर, उघड्या आकाशाखाली झालेल्या एका मैत्रीपूर्ण सामन्याला ५५,६४६ प्रेक्षक आले! त्या हंगामातली घरच्या मैदानावरची सीझन तिकिटं सगळीच्या सगळी संपली. ३ मार्च २०२४ रोजी तिने पीट मॅराविच यांचा ३,६६७ गुणांचा जुना विक्रम मागे टाकला. महिनाभराने आयोवा आणि साउथ कॅरोलिना यांच्यातला महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी टीव्हीवर बघितला. त्या वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना बघणारे दीड कोटीही नव्हते.

क्लार्कचं कौशल्य असामान्य, यात वाद नाही. पण गर्दी जमली ती नुसत्या कौशल्यावर नाही. ती घरची होती, ओळखीची होती आणि थांबली होती. पहिल्या वर्षाला तिच्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्यांनी तिला चार वर्षं वाढताना बघितलं. पुरुषांच्या खेळात जे हरवलं, नेमकं तेच इथे होतं.

पिझ्झ्याने भागेल का?

विद्यापीठं हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. फुकट टी-शर्ट, फुकट पिझ्झा, हजेरीवर गुण आणि गुणांवर बक्षिसं, असे नाना उपाय चालू आहेत. अलाबामा विद्यापीठाने २०१९ मध्ये फुटबॉलसाठी एक ॲप काढलं. विद्यार्थी शेवटपर्यंत स्टेडियममध्ये थांबला का, हे ते त्याच्या फोनच्या ठावठिकाण्यावरून ओळखतं आणि थांबल्याचे जादा गुण देतं. आनंद घ्यायला आलेल्यावर पाळत ठेवायची, म्हणजे लग्नात जेवणावळीची हजेरी घेण्यासारखंच झालं!

याउलट इंडियाना राज्यातल्या अपलँड या लहानशा गावातल्या टेलर विद्यापीठाकडे बघा. विद्यार्थी सुमारे दोन हजार. संघ काही देशात गाजलेला नाही. पण डिसेंबरच्या परीक्षेआधीच्या शुक्रवारी तिथे ‘सायलेंट नाइट’ साजरी होते. मुलं चित्रविचित्र सोंगं घेऊन येतात आणि सामना सुरू झाला की चिडीचूप बसतात. आपल्या संघाचा दहावा गुण झाला रे झाला की, सगळं सभागृह एका क्षणात फुटतं! यासाठी कुणाला पिझ्झा द्यावा लागत नाही, ॲप लागत नाही. हा कार्यक्रम मुलांचा आहे, खेळ खात्याचा नाही, एवढंच त्याचं गुपित. अ‍ॅरिझोना स्टेटचा पडदा काय, ड्यूकची तंबूनगरी काय, सगळ्यांची मुळं तीच. मुलांनी काढलं, मुलांनी चालवलं, म्हणून मुलं आली.

आपल्या घरातला प्रश्न

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यातले सुमारे १ लाख ९७ हजार पदव्युत्तर शिक्षण घेणारे. पुणे, नागपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर अशा गावांतल्या मराठी घरांतून गेलेली मुलंही त्यात आहेत. त्यांचा दिवस कसा जातो, हे आईवडिलांना फोनवरून ठाऊक असतं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तासांचं कॅम्पसवरचं काम, वरण-भाताचा कुकर आणि मग लॅपटॉप. चार भारतीय मुलं एका घरात राहतात आणि दोन वर्षांत पाचव्या माणसाशी मैत्री होत नाही, हे तर सर्रास.

सामन्याचं तिकीट अशा मुलांना परकं वाटतं. नियम कळत नाहीत, आरोळ्या कळत नाहीत. पण कळण्याची गरज तरी कुठे असते? ड्यूकमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सप्टेंबरात वेगळा मुक्काम असतो. शनिवार-रविवार मैदानात काढायचा, अवेळी हजेरी द्यायची आणि शेवटी सोडतीत सीझन तिकीट लागतंय का बघायचं. रसायनशास्त्राची संशोधक, कायद्याचा विद्यार्थी आणि चेन्नईचा इंजिनीअर एका ताडपत्रीखाली चिखलात बसतात. तिकीट नाही लागलं तरी ओळखी होतात. परदेशात पहिल्या हिवाळ्यात माणसाला याहून मोठी गरज कसली असते? तेव्हा लेकीला फोन करताना ‘जेवलीस का, अभ्यास झाला का’ याच्या जोडीला ‘सामन्याला गेली होतीस का’ हेही विचारायला हरकत नाही.

आणि भारतात राहणाऱ्यांनीही अंगणात डोकावून बघावं. रणजी करंडकाच्या सामन्यांना वर्षानुवर्षं रिकामे स्टँड साक्षीला असतात. ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या अरुण जेटली स्टेडियमवर विराट कोहली रणजी सामन्यात उतरला, तेव्हा हजारोंनी धाव घेतली. ती धाव एका नावासाठी होती, दिल्लीच्या संघासाठी नव्हती. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल यांच्या अंतिम सामन्यांना खेळाडूंचे दोन-चार मित्र आणि क्रीडाशिक्षक सोडले तर कोण असतं?

खेळाडूला पैसा देता येतो, स्टेडियमला छप्पर देता येतं, सामन्याला वाहिनी देता येते. पण शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी मुलाच्या खांद्यावर हात टाकून एकसुरात ओरडणारा गळा विकत मिळत नाही. तो अठरा-एकोणिसाव्या वर्षी तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी कुणीतरी त्याला गॅलरीत, मैदानाच्या अगदी जवळ, जागा ठेवावी लागते.